मुंढ्यातला अर्धा इंच

तेरा वर्षं मी लोकांचे ब्लाऊज शिवतेय. स्वतःचा शिवताना मात्र मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, दोन्हीकडे अर्धा इंच सैल कापते. दोन्ही काखांत चरबीचा एकेक गोळा आहे, उजव्यावर एक तीळ. पाळीच्या आधी फुगतात, ठणकतात, मग बसतात. अंग माझं, कात्री माझी. कोणाला कशाला सांगा?

बाळ झालं आणि तिसऱ्या दिवशी ते गोळे दगडासारखे झाले. हात खाली येईना. माझी पाचावर धारण बसली. कॅन्सरच, दुसरं काय असणार! उजवा जास्त टणक, म्हणून उजवीकडून पाजणंच बंद केलं. माझा रोग लेकराच्या पोटात नको. बाळ भुकेनं रडायचं, आई म्हणायची, "अगं, घे ना त्याला," आणि मी कोपर अंगाला चिकटवून भिंतीकडे तोंड करायची. एवढ्याशा खोलीत बाळ, आई, शिलाई मशीन आणि मी. धड रडायलाही कोपरा नव्हता.

पाचव्या दिवशी नर्सबाई बाळाचं वजन करायला आल्या. काटा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घटलंय. पाजताय ना?"

मी दुपट्याची घडी घालू लागले. तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं आणि माझा गाऊन काखेत ओला झाला. मी हात दाबून धरला, पण बाई कसल्या सोडतायत!

"हात वर करा."

"दुखतो."

"म्हणूनच सांगतेय."

त्यांनी दोन्ही काखा चाचपल्या. "वयात आल्यापासून आहे? पाळीच्या आधी फुगतं?"

मी मान डोलावली.

"आणि हा उजवीकडचा तीळ नाही, बारीकसं स्तनाग्र आहे, दूध इथूनच आलंय. स्तनाचाच जास्तीचा भाग काखेत आहे. असतो काहींना. दूध उतरलं की तोही फुगतो. चोळू नका, गार फडकं ठेवा. डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करा, म्हणजे खात्री होईल. आणि आधी पाजा, दोन्हीकडून!"

दोन दिवस मी पोटच्या पोराला अर्धपोटी ठेवलं होतं. उजवीकडे घेताच ते तुटून पडलं. मला रडू आवरेना.

बाई गेल्यावर आई हळूच म्हणाली, "मलाही आहेत. तुझ्या वेळी घाबरून तुला बाटलीवरच वाढवलं."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"माझ्याही ब्लाऊजचा मुंढा इतकी वर्षं मी सांगते म्हणून तूच सैल कापतेस की. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."