शेवटच्या कमांडचा निकाल

तेजलनं वहीत रेघ मारून मोजणी संपवली: सॉफ्टवेअर तपासणाऱ्या दोनशे चौतीस टेस्ट, एक हजार नऊशे सहा ओळी, आणि सगळ्यांत लांब ओळीत एकापुढे एक जोडलेल्या सात कमांड. सगळं चालायला एकेचाळीस मिनिटं.

"मोजून झालं असेल तर छाटणीला लाग," शेखरसर म्हणाले. "पुण्याच्या मुख्य ऑफिसला सगळं दहा मिनिटांच्या आत चालायला हवंय, आज सहापर्यंत. नाहीतर नाशिकचं ऑफिस बंद. आपण आठही जण घरी."

"निकाल बदलता कामा नये ना, सर?"

"बदलेल कसा? सहा वर्षं सगळं हिरवं आहे, एकूणएक टेस्ट पास. मी लिहिलंय ते, एमएस्सीबाई."

सॉफ्टवेअर द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी होतं. आत तापमान चढलं की मालकाच्या फोनवर इशारा जायचा. दिंडोरीकडे चौदा ठिकाणी ते चालू होतं.

तिनं पहिली फाईल उघडली. एक कमांड नोंदी वाचत होती, दुसरी त्यातून इशाऱ्याची ओळ शोधत होती, तिसरी ती मोजत होती. सातांचं काम एकीत होण्यासारखं होतं. तिनं तसं लिहिलं आणि टेस्ट चालवली. पडद्यावर लाल अक्षरं आली: फेल.

आपलंच चुकलं असणार म्हणून तिनं ओळ तीनदा लिहिली. लालच. मग जुनी साखळी घेऊन ती एकेक कमांड वाढवत गेली. सहावीपर्यंत लाल, सातवी जोडली की हिरवं. सातवी काहीच तपासत नव्हती. आधीच्यांनी दिलेलं ती लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, फक्त उतरवून ठेवत होती. कंप्युटर शेवटच्या कमांडचाच निकाल धरत होता, आणि लिहिणं कधी फसत नव्हतं; म्हणून आधीचं काही फसलं तरी टेस्ट पासच दिसत होती.

तिनं आणखी वीस फाइली पाहिल्या. प्रत्येकीला तेच शेपूट.

"सर, जरा येता?"

शेखरसरांनी उभ्यानंच वाचलं. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"पहिल्याच महिन्यात जोडलं होतं," ते म्हणाले. "पुण्याच्या दीपकला लॉग हवा होता. एका फटक्यात सगळीकडे लावून टाकलं."

तेजलनं घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

"शेपूट तसंच ठेवते, सर. मधलं तेवढं छाटते. वेळेत बसेल, आणि सगळं हिरवं येईल."

"येईल."

ते शेजारच्या खुर्चीत बसले. बराच वेळ टेबलावरची धूळ बोटानं एका बाजूला सारत राहिले.

"मार्चमध्ये दिंडोरीच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यांचा, देवरामतात्यांचा फोन आला होता. कॉम्प्रेसर दिवसभर बंद, इशारा नाही. नऊशे पेट्या गेल्या. मी टेस्ट चालवून पाहिल्या, सगळ्या पास. तात्यांना म्हटलं, तुमच्या फोनला रेंज नसेल."

"मग काय म्हणाले ते?"

"म्हणाले, असेल बुवा."

तिनं कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"काढ ते," शेखरसर म्हणाले. "सगळ्या फाइलींतून."

"पुण्याला लगेच दिसेल, सर."

"दिसू दे."

साडेपाचला तिनं सगळ्या टेस्ट एकदम चालू केल्या. शेखरसर शेजारीच बसून होते. पाच एकोणचाळीसला आकडे आले.

वेळ नऊ मिनिटं चार सेकंद. पास अठ्ठेचाळीस. फेल एकशे शहाऐंशी.