बेचाळीस चष्मे आणि डाळीचं ताट

"मॅडम, माझा कोनता?" सरजाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं आणि दिपालीनं तिसऱ्यांदा हसून वेळ मारून नेली.

निलंग्याच्या एका सेवाभावी संस्थेत दिपाली नांदेडहून दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला आली होती. आज सतरंजीवर जवळचं दिसायचे बेचाळीस चष्मे होते, भोवती बेचाळीस बायका होत्या. नव्हती ती कुणाला कुठला नंबर ही यादी. यादी जीपमध्ये होती आणि जीप उदगीरला. एकाच दिवशी दोन गावांना तारीख देण्यात संस्था चालवणाऱ्या उमाशंकर सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणूस मनाचा राजा, पण कागद त्यांच्या हाती पडला की गेलाच! फोनवर म्हणाले, "तूच बघ की बेटा, हुशार हाईस तू."

हुशार! दिपालीला रडू यायचंच बाकी होतं. सरजाबाईनं जन्मभर डाळमिलवर डाळ निवडून पोट भरलं होतं. खडे दिसेनात म्हणून वर्षभर ती घरी बसून होती.

"उद्यापासून कामावर घेतो म्हनले मुकादम," ती म्हणाली, "पन चष्मा लावूनच ये म्हनले."

दिपालीची नजर स्वयंपाकघराकडे गेली. संस्थेत वेळेवर व्हायची ती फक्त दुपारची खिचडी, आणि तिच्यात खडा हमखास लागायचा. ती तडक उठली, तूरडाळीचा डबा आणला आणि चार ताटांत ओतला.

"ज्या चष्म्यानं खडा दिसंल, तो तुमचा!"

मग काय विचारता! या नाकावरचा चष्मा त्या नाकावर.

"लक्ष्मम्मा, तुझा दे गं इकडं!"

"माय माय, ह्यात तर डाळीचे भोपळे दिसायलेत!"

दिपालीची हसून हसून पुरेवाट झाली. ही बिनयादीची संस्था तिला पहिल्यांदाच आपली वाटली.

सरजाबाईनं पाचवा चष्मा चढवला. बोटं ताटात फिरली, थांबली. तिनं एक बारीक खडा उचलला. मग दुसरा, मग भराभर. शेजारी वाकलेल्या दिपालीकडे तिनं मान वर करून निरखून पाहिलं.

"आगं, दोन महिने मॅडम मॅडम करायले! तू तर माझ्या नातीएवढी हाईस!"

दिपालीला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. तिकडे सरांचा फोन वाजत होता. तिनं वाजू दिला.

बाकीच्या बायका चष्मे मिरवत उठल्या. सरजाबाईनं ताट मांडीवर ओढून घेतलं.

"बाजूला सर पोरी," ती म्हणाली, "उजेड आडवायलीस."

दिपाली चटकन सरकली.