हात न लावायचा डुकाट

हॉलंडमधल्या एंकहौझनच्या चर्चशेजारी, नाणी जमवणाऱ्यांच्या मेळ्यात एकाच टेबलाभोवती झुंबड उडाली होती. टेबलावर एकटाच डुकाट, म्हणजे जुनं सोन्याचं नाणं, १७९५चा, सत्ताधीशाला इंग्लंडला पळावं लागलं त्या क्रांतीच्या वर्षाचा. त्यावरच्या तलवारधारी योद्ध्यासकट तो कोणीही न ढकलता समोर आलेल्या रोग्याच्या दिशेने सरकत होता.

"ज्याने सत्ताधीशाला समुद्रापार पळवलं, तो तुमचा रोग ठेवील होय?" टेबलामागे बसलेला नाण्याचा मालक वुब्बोबाबा डोळे मिटून गरजला. "पण हात लावायचा नाही! गोळ्या घ्यायच्या नाहीत! योद्ध्याला अविश्वास खपत नाही."

कॉफी वाटणाऱ्या आल्ट्येचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या नवऱ्याला, योरिसला, कंपवात. बाबाच्या शब्दावर त्याने तीन दिवस गोळ्या सोडलेल्या. आज त्याला कपसुद्धा धरता येत नव्हता. आणि चाळीस वर्षं जमवलेले सगळे डुकाट तो या एकाच्या बदल्यात द्यायला निघाला होता.

"निदान उचलून तरी बघ," ती योरिसच्या कानात कुजबुजली.

"वेडी का तू? दुसऱ्याच्या नाण्याला कोणी बोट लावतं?"

इथेच हे शहाणे फसले. बोटाचा डाग पडतो म्हणून परक्या नाण्याला शिवायचं नाही, हे यांच्या हाडीमाशी भिनलेलं. लबाडाने नेमकं तेच हेरलं होतं.

आल्ट्ये नाणी जमवत नव्हती, कपडे शिवायची. सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक तिने पिशवीतून काढलं आणि डुकाटावर धरलं.

टक्! योद्धा तलवारीसकट चुंबकाला चिकटला.

"कोप होईल!" बाबा किंचाळला.

"होऊ दे की. तू आधी उठून उभा राहा."

बाबा उठेना. आल्ट्येने टेबलक्लॉथ ओढला. बाबाच्या गुडघ्याला चीजच्या वडीएवढं चुंबक बांधलेलं! गुडघा फिरेल तसा योद्धा फिरत होता.

"सोनं चुंबकाला चिकटत नाही, हे तर आपल्याला ठाऊक होतं..." योरिस पुटपुटला.

"ठाऊक होतं, पण तपासलंस का?" आल्ट्येने गोळी त्याच्या जिभेवर ठेवली आणि कप ओठांना लावला.

नाण्याला बोट लावू नये, हे ठीक. पण चमत्कार सांगणाऱ्याचा शब्द मात्र उचलावा, उलटा करावा, घासून बघावा. तो हात लावू देत नसेल, तर तिथून सरळ डॉक्टरचा रस्ता धरावा.