सिरियलमधले हे

दादाराव नागपूरच्या अजनी रेल्वे यार्डात चौतीस वर्षं पॉइंट्समन होते. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, मालगाडीच्या धडधडत्या वाघिणींमधून अंग चोरून वाट काढली, कधी डगमगले नाहीत. पण अमेरिकेत सनीव्हेलला विवेककडे, मुलाकडे आले आणि बायकोच्या तोंडच्या एका शब्दानं गार झाले.

सकाळची वेळ. मुलगा-सून ऑफिसला गेलेले. रत्नाबाई कॉलिंग कार्डावरून नागपूरला बहिणीशी बोलत होत्या.

“जय भीम, सरला. अगं, काल काय झालं! अँब्युलन्सचा आवाज आला अन् ती जागच्या जागी थिजली. हातात पातेलं तसंच. मग ह्यांनी काय करावं? एक शब्द बोलले नाहीत हे. गुपचूप गॅस बंद केला अन् तिच्या बाजूला फरशीवर बसून राहिले.”

दादारावांचा चहाचा कप हवेतच राहिला. काल ते तर पार्कात पंजाबी म्हाताऱ्यांचे पत्ते बघत बसले होते!

लग्नाला चाळीस वर्षं झाली, रत्नाबाईंनी कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. ‘हे आले’, ‘ह्यांना भात वाढ’. त्यांच्या जगात ‘हे’ एकच.

फोन ठेवल्या ठेवल्या दादारावांनी विचारलं, “हे कोण?”

“कोण हे?”

“तुझे हे! फरशीवर बसणारे!”

रत्नाबाईंना हसू आवरेना. “अहो, खालच्या चेनताईकडच्या सिरियलमधले हे. चिनी नाव तोंडात बसत नाही माझ्या.”

“मग तिचा नवरा म्हण, हिरो म्हण, माकड म्हण. हे का म्हणतेस?”

“बाप्पा! टीव्हीतल्या माणसावर जळता?”

जळतच होते. दुपारी तेही मागोमाग खाली गेले. चेनताई म्हणजे साठीची चिनी बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण एकीच्या सूर्यफुलाच्या बिया अन् दुसरीचा चिवडा मध्ये ठेवून रोज डीव्हीडी चालायची.

पडद्यावरच्या बाईचं लहान पोर रस्त्यात गाडीखाली गेलेलं. तेव्हापासून अँब्युलन्स ऐकली की ती दगड व्हायची. नवरा कसा, तर पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर केस, पोटाचा पत्ता नाही. तिनं वाडगा फेकून मारला, तर हा वाकून तुकडे वेचत बसला.

“ह्याला ड्युटी नाही का?” दादाराव पुटपुटले.

“श्श!”

“किती दिवस चालणार हे रडगाणं?”

“चौदावा भाग आहे,” रत्नाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “बरी नाही झाली अजून. लवकर बरं होतच नसतं ते.”

अशा नजरेनं तिनं आपल्याकडे कधी पाहिलं होतं? दादाराव मनात चाळीस वर्षं उलटीसुलटी करून आले. सापडेना.

तेवढ्यात बाहेर कॅलट्रेनचा, तिथल्या लोकल गाडीचा, भोंगा वाजला. रत्नाबाईंचा बी धरलेला हात ओठाशी थबकला. डोळे भिंतीवर. अन् चेनताईनं, रोजचं काम असल्यासारखं, डीव्हीडी थांबवली, रत्नाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बसून राहिली. भोंगा विरला. मग चित्र पुन्हा चालू.

दादारावांना आता हिरोचा नाही, त्या म्हातारीचा हेवा वाटला. तिला तीन महिन्यांच्या ओळखीत कळलं!

अजनीच्या क्वार्टरमध्ये त्यांची पहिली पोरगी, चौदा महिन्यांची उपासना, तापात गेली, तेव्हा बाहेर यार्डात इंजिनाचा भोंगा वाजत होता. हे ड्युटीवर. तिसऱ्या दिवशी परत ड्युटीवर. “रडून काय होते,” एवढंच बोलले होते. त्यानंतर ते नाव घरात कुणी काढलं नाही. भोंगा वाजला की बायको हातातलं काम विसरते, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. त्यांना वाटायचं, हिला ऐकू कमी येतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गॅसवर दूध होतं. भोंगा वाजला. रत्नाबाई ओट्यापाशी थिजल्या. दादाराव धावले अन् गॅसचं बटण उलटं फिरवलं. दूध भसाभसा उतू गेलं. मग कसाबसा गॅस बंद करून ते खाली फरशीवर बसले. गुडघे कडाकडा वाजले.

बऱ्याच वेळानं रत्नाबाईही शेजारी टेकल्या. “सगळं दूध गेलं.”

दादाराव पायाशी ओघळलेलं दूध रुमालानं टिपत राहिले.

“बोला ना काही.”

“ते बोलत नाहीत ना तुझे.”

“ते हिरो आहेत. तुम्ही बोला.”

दादारावांनी रुमाल बाजूला ठेवला. “उपासनाचे केस... कुरळे होते ना?”

रत्नाबाईंनी पदर तोंडाशी नेला. “कुरळे कुठले? घामानं व्हायचे तसे. तुम्ही ड्युटीवरून यायचे तेव्हा घामेजून झोपलेली असायची.”

सकाळी पुन्हा फोन लागला.

“जय भीम, सरला. नाही गं, काल खाली गेलेच नाही मी... कोण? चिनी नाही गं बाई, हे! आपले हे! फरशीवर बसले अन् मग उठताच येईना. विवेक येईपर्यंत दोघंही तिथंच.”

दादाराव चहा फुंकत ऐकत होते. चहा कधीच गार झाला होता.