एका बाजूचा कठडा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. भरदुपारी, फिजिओथेरपीच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत लिहिलंत. ‘पायऱ्या : आपला आपण चढतो, उतरतो.’ खाली तुमची झोकदार सही. त्या खोट्याला साक्षीदार म्हणून उभा होतो मी. म्हणून आज तोंड उघडतोय. आधी स्वतःच्या तोंडात मारून घेतो, मग तुमच्याकडे वळतो.

मित्रांनो, मी एक जुना जिना आहे. पायऱ्या चारच. वर टेबलाएवढी जागा, तिथे वळायचं आणि आल्या वाटेनं उतरायचं. वर खोली नाही, दार नाही, काही नाही. दोन्ही बाजूंना कठडे मात्र भक्कम.

मला केलं ते रुग्णालयाच्याच सुतारानं, मोडीत निघालेल्या कपाटांच्या फळ्यांतून. त्याला सगळे ‘पाव इंच’ म्हणत, कारण कुणाच्याही कामात तो पाव इंचाची चूक काढायचाच. स्वतःच्या कामातही काढायचा. मी पुरा झालो तेव्हा त्यानं माझ्यावर चार उड्या मारल्या, दोन्ही कठडे गदागदा हलवून पाहिले आणि वर बसून चहा प्याला. फरशी पुसणाऱ्या मावशीनं विचारलं, “अरे पाव इंच, हा जिना जातो कुठे?”

“घरी जातो, मावशे,” तो म्हणाला.

ते वाक्य मी छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं. अर्धं अंग लुळं पडलेली माणसं माझ्याकडे यायची. चढताना चांगला पाय पुढे, उतरताना अधू पाय पुढे, एवढाच माझ्या शाळेचा धडा. परीक्षा मात्र बारा पायऱ्यांची. माझ्याकडे चारच असल्यामुळे तीच चढउतार तीनदा करायची. चार त्रिक बारा, झाला पास. सातपैकी सहा गुण पडले की माणूस आपला आपण जिना वापरतो असं धरायचं. पाहुणे आले की विभागाचे साहेब माझ्या कठड्यावर हात ठेवून फोटो काढायचे. मीही फुगायचो. लाकूड पावसाळ्यातच फुगतं असं नाही.

माझ्याकडे एक ट्रकचालक यायचा. अपघातात त्याच्या पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू दुखावली होती, कमरेखाली काही कळत नव्हतं. आठ महिन्यांनी तो माझ्यावर पाठमोरा बसून, हातांच्या जोरावर एकेक पायरी वर सरकला. वर पोचून म्हणाला, “लोक पायांनी चढतात, मी राजासारखा बसून चढलो.” फॉर्ममध्ये राजाला रकाना नव्हता. त्याला एक गुण मिळाला. पण तो घरी त्याच रीतीनं चढायचा आणि उतरायचाही, हे त्याच्या बायकोनं नंतर येऊन सांगितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की गुण आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग एका सकाळी पाव इंच स्वतःच्या कामाच्या टेबलाशी कोसळला. हातातली करवत आधी पडली, मग तो. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय जड झाला, बोलणं अर्धं उरलं. तीन आठवड्यांनी त्याला माझ्यासमोर आणलं. मला लाज वाटली, मित्रांनो. ज्यानं मला उभं केलं, त्याला उभं करायला दोन माणसं लागत होती.

सात आठवडे तो रोज आला. त्याच्याबरोबर असायची फिजिओथेरपीची ताई, कमरेचा पट्टा धरून, आणि त्याची बायको, खुर्चीत बसून पायऱ्या मोजत. त्याचं घर पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या वर. खाली अंगणात त्याचा स्वतःचा सुतारकामाचा छोटा कारखाना. डाव्या हातानं का होईना, तिथे पुन्हा बसायचं, एवढ्यासाठी तो घाम गाळत होता.

एके दिवशी बायको सहज म्हणाली की आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, चढताना डावीकडे येतो. ताई थांबली.

“काकू, आणि उतरताना?”

“उतरताना तोच उजवीकडे येणार ना, बाई.”

उजवा हात तर लोंबत होता.

ताईनं पाना आणला आणि माझा चढताना उजवीकडे येणारा कठडा काढून ठेवला. पाव इंच डावा कठडा धरून चढला, छान चढला. वर वळला. आणि त्याचा डावा हात हवेत चाचपडू लागला. तिथे मी नव्हतो. त्याचं पुढचं पाऊल पडेना. ताईनं त्याला खाली बसवलं, तीन गुण लिहिले आणि साहेबांकडे गेली. तोच कठडा धरून पाठमोरं उतरायला शिकवता येईल, दोन आठवडे द्या, इतकंच तिचं मागणं होतं.

साहेब स्वतः आले. महिन्याचा अहवाल जायचा होता. किती दिवसांत किती गुण वाढले, यावर विभागाचं नाव ठरतं, हे त्यांनी ताईला सर्वांसमोर ऐकवलं. मग त्यांनी विचारलं की कठडा काढायचं डोकं कुणाचं. तो परत लावायला लावला आणि परीक्षा नव्यानं घेतली.

पाव इंचानं दोन्ही कठड्यांमध्ये चढउतार केली. चार त्रिक बारा. टाळ्या पडल्या. त्यानं टाळ्यांकडे पाहिलंच नाही. नव्यानं लावलेल्या कठड्यावर डावा हात आपटत तो म्हणाला, “घरी... एकच.”

“घरी गेलं की सवय होते,” साहेब म्हणाले, आणि सहा लिहिले.

माझी तिसरी पायरी सैल आहे. तिरकं वजन पडलं की करकरते, आणि तोल गेल्याचं सगळ्यांना कळतं. त्या दिवशी पाव इंच तिच्यावर लटपटला तेव्हा मी श्वास रोखून गप्प बसलो. मला तो पास व्हायला हवा होता. माझा बाप माझ्याच अंगावर पास होतोय, या गर्वापायी मी त्याला फसवलं.

चार महिन्यांनी तो आला. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून, उचलून खाली आणला होता. बायकोनं मावशीला सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी तो बावीसच्या बावीस पायऱ्या चढला, शेजारी बघायला जमले होते. दुसऱ्या सकाळी कारखान्यात जायला निघाला आणि वरच्या पायरीवर थिजला. आठवड्यानं पुन्हा हिंमत केली, तीन पायऱ्या घसरत गेला. तेव्हापासून खिडकी. खाली कारखान्याचं कुलूप दिसतं, ते बघत बसतो. चालणं सुटलं, पाय आखडला. त्या दिवशी माझ्या पहिल्या पायरीवरही त्याचं पाऊल चढलं नाही.

ताईला हे लिहायचं होतं. पण फॉर्मवर रकाने दोनच: आला तेव्हा, गेला तेव्हा. तिनं समासात लिहिलं. समास कोण वाचतं? भिंतीवरच्या तक्त्यात पाव इंच अजून सहाच आहे.

जाताना त्यानं खुर्ची माझ्याजवळ थांबवायला लावली. सवयीनं कठडा हलवून पाहिला, पक्का आहे का ते. मग मान खाली घालून बायकोला म्हणाला, “मी... दोन लावले. चूक... माझी.”

ऐकलंत? सातात सहा मिळवलेला माणूस स्वतःलाच दोष देत गेला. लाज त्यानं वाटून घेतली, मी घेतली, ताईनं घेतली. तुमच्या वाटणीची अजून पडून आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरचं कुणी माझ्यासारख्या जिन्यावर चढलं आणि टाळ्या पडल्या, तर टाळ्या वाजवण्याआधी घरच्या जिन्याचा कठडा कुठल्या बाजूला आहे ते सांगा. एक कठडा काढायला लावा. ओरडून सांगा. आमच्यासारखे गप्प राहू नका.

आणि साहेब, मावशीनं विचारलं होतं, त्याला पाव इंचानं जे उत्तर दिलं ते तुम्ही खोटं पाडलंत. आता तेच मी तुम्हाला विचारतो. उत्तर समासात नको, सहीच्या वर हवं. हा जिना जातो कुठे?