चिमूटभर मीठ आणि निळा बैल

"बैला बैला, हळू रे हळू, शिंगावर माझं निजलं बाळू..."

पाळणा हलवताना आई म्हणायची, तो आवाज अजून कानात आहे. निळा बैल म्हणे पृथ्वी एका शिंगावर तोलतो आणि नूरूजला, नव्या वर्षाच्या दिवशी, दुसऱ्या शिंगावर घेतो. गाणं गोड होतं. गाण्यापुरतं.

त्या नूरूजला मात्र तुरदुबाय मांत्रिकानं ते गाणं चौकात मांडलं. नारिन नदीकाठी सुमोलोकची, नूरूजच्या गोड खिरीची, कढई रटरटत होती. मोडाचा गहू तळाला लागू नये म्हणून बायकांनी तिच्यात धुतलेले गोटे सोडले होते. पण अख्खं गाव लोटलं होतं तुरदुबायच्या पांढऱ्या ताटाभोवती.

"बैल मान वळवतोय! श्वास धरा!" त्यानं अंडं ठेवलं, डोळे गरगरा फिरवले, "फूऽऽ!" अंडं टोकावर उभं!

मग गावातल्या बुरुलचं अंडं. फूऽऽ! ते आडवं होऊन ताटाच्या काठाला गेलं.

"ही पोर बैलाला जड झाली! हिनं यंदा खोरं ओलांडलं, तर धरणीकंप!"

बुरुल पांढरीफटक पडली. उन्हाळा सरताच ती भूविज्ञान शिकायला राजधानीला, बिश्केकला जाणार होती. तिची आई झूरा खाली मान घालून कढई ढवळत राहिली.

त्यात माझ्या कॉलेजची हुशार पोरं! मी त्यांना भूगोल शिकवते.

"बाई, हे शास्त्रच आहे," एल्दियार म्हणाला. "आज दिवस-रात्र सारखे. सूर्याची ओढ दोन्हीकडून सारखी, म्हणून अंडं उभं!"

"कोणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी दिवस-रात्र शिकवले, बाळा. अंडं तू घातलंस."

दुसऱ्या सकाळी झूराच्या अंगणात मी सगळ्यांना बोलावलं. पांढऱ्या ताटात चिमूटभर मीठ, त्यावर बुरुलचंच अंडं, आणि फूऽऽ! जास्तीचं मीठ उडालं, बुडाखाली चार कण राहिले. अंडं उभं.

"बैल तर काल शिंग बदलून मोकळा झाला. मग आज हे कोण तोलतंय?" मी विचारलं. "दिवस-रात्र सारखे झाले म्हणून अंड्याला काही फरक पडत नाही. आणि धरणी हलते ती खोलवरचे खडक सरकतात म्हणून, पोरीबाळींच्या पावलांनी नाही. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी ताटाला बोट लावून चाखा."

एल्दियारनं चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं. "पण मग बुरुलचंच का पडलं?"

"तिच्या वेळी मीठ नव्हतं."

"का नव्हतं?"

झूरानं हातातली पळी खाली ठेवली.

"मीच सांगितलं होतं त्याला, हिचं पाड म्हणून." ती लेकीकडे बघत होती. "बैल कसला गं? तू दूर चाललीस, माझंच काळीज हललं. जा, शीक. आणि धरणी खरंच कशी हलते, ते आधी मला येऊन सांग."