काकांच्या नाकाची साक्ष

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लोंबकळत होती आणि जिन्यावरची मंडळी खालूनच ओरडत होती, "आलं का? पुन्हा आलं का?"

आलं होतं. परवा झोपेतच गेलेल्या काकांच्या नाकातून, सून जवळ येताच, लालसर ओघळ आला होता. मुलगा जहाजावर नोकरीला. तो पोचेपर्यंत थांबायचं ठरलं, बर्फ मागवला, आणि नेमकी वीज गेली. भर उकाड्यात बर्फाचं पाणी झालं.

काकांच्या कुशीला मौनीबुवा बसले होते. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा असा, की समोरच्यानं 'हो' म्हणायलाही फट शोधावी.

"आत्म्याला जीभ नसते! म्हणून तो रक्तानं बोलतो! जिनं विष घातलं, तिला बघून बोलतो!"

"मी नुसतं दूध दिलं होतं हो," सून भिंतीला टेकून रडत म्हणाली.

"दूध दिलं! ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!" आत्या कडाडली. बुवा आत्याचे गुरू. गेल्या वर्षी याच सुनेनं त्यांना चपलांसकट दाराबाहेर काढलं होतं, ते मात्र आज कुणालाच आठवत नव्हतं.

"पोलीस कशाला? साक्ष मिळाली की," कुणीतरी म्हणालं, आणि कुणीतरी दाराला आतून कडी घातली.

कोपऱ्यात धाकटी पुतणी उभी होती. डॉक्टर झाली, इथवर घर खूश होतं. पुढं तिनं शवविच्छेदन शिकायचं ठरवलं, तेव्हा आईनं तिची प्रमाणपत्रं कपाटात घालून कुलूप लावलं. "मेलेला पेशंट कधी 'बरं वाटतंय' म्हणेल का गं?" प्रवेशाची मुदत उद्या संपत होती.

पुतणी काकांच्या नाकाकडे बघतच नव्हती. ती बुवांचा उजवा हात बघत होती. सून तीनदा पुढं आली, तिन्ही वेळा हात काकांच्या पोटावर. चौथ्यांदा बुवांच्या हातात चहाचा कप होता. नाक कोरडं.

"बुवा, जरा उशाशी बसता? काकांना तुमचा चेहरा दिसू दे."

मानाची जागा म्हटल्यावर बुवा लगबगीनं सरकले. पुतणीनं हातमोजे चढवले, "काका, माफ करा" म्हणाली आणि पोटावर तळवा दाबला. नाकातून ओघळ आला.



"वहिनी तर पार भिंतीशी आहेत. उशाशी कोण आहे?" पुतणीनं विचारलं. "मग विष कुणी घातलं, बुवा?"

बुवांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते नावाला जागले.

"हे नुसतं रक्तही नाही," ती म्हणाली. "उकाड्यात देह कुजायला लागला की पोटात वायू साठतो. वरून दाबलं की आतला द्रव वाट मिळेल तिथून बाहेर येतो. खुनी असो वा शेजारी, त्याला सगळे सारखे. विषाचा संशय आहे ना? मग पोलिसांना कळवून शवविच्छेदन करू."

"माझ्या भावाला कापणार?" आत्या किंचाळली.

"सुनेला जिवंत फाडायला निघालात, तेव्हा नाही वाटलं काही?" हा आवाज पुतणीच्या आईचा होता. तिनंच पुढं होऊन कडी काढली.

शवविच्छेदन दुसऱ्या डॉक्टरांनी केलं. घरच्या माणसाचं आपण करायचं नसतं, असं पुतणीनंच सांगितलं. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी तुंबलेली सापडली. विषाच्या तपासणीचा अहवाल महिन्याभरानं आला. पोटात दूध होतं, विष नव्हतं.

पण आई महिनाभर थांबली नाही. कडी काढली त्याच संध्याकाळी तिनं कपाटाची किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. "जा बाई. जिवंतांची बाजू घ्यायला मेलेल्यांजवळ बुवांऐवजी दुसरं कुणीतरी बसायला हवं."

मंडळी, मेलेला माणूस बोलत नाही. त्याच्या वतीनं कुणी बोलायला लागला, तर हात जोडण्याआधी एवढंच करा: बोलणाऱ्याचा हात कुठं आहे, ते बघा.